तनुजाच्या वजनाइतका गूळ

अंगदराव आडत्याच्या घरी मारुतीचा एक नवस दहा वर्षं फेडायचा राहिला होता.

नवस तसा सोपा होता. तनुजा आठ वर्षांची असताना तिला डेंग्यू झाला आणि नांदेडच्या एका दवाखान्यात ती बरेच दिवस पडून होती. शेवटी शेवटी तर चादर बदलायला आलेल्या मावशींनी चादरीसकट तिला उचललं आणि त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. अंगदरावांची नव्या मोंढ्यात, म्हणजे नांदेडच्या धान्यबाजारात, सोयाबीन-हळदीची आडत. कट्ट्याला, म्हणजे भरल्या पोत्याला, हात न लावता नुसतं बघून वजन सांगायचं आणि ते काट्यावर खरं निघायचं, अशी त्यांची ख्याती. त्या दिवशी त्यांनी पलंगावरच्या पोरीकडं बघितलं, मनात आकडा आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो मनातच ठेवला. मग खाली पार्किंगमध्ये गेले, शहाळ्याच्या गाड्यामागं उभे राहिले, भोकरकडं तोंड केलं आणि गावच्या मारुतीला म्हणाले, "पोरगी उठून बसू दे. तिच्या वजनाइतका गूळ वाटतो."

पोरगी उठून बसली. बसल्याबरोबर तिनं पोहे मागितले. ते कमी पडले म्हणून अंगदरावांनी आणखी एक प्लेट खालून पळत आणली होती. ही गोष्ट पुढं घरात कोणी फारशी काढली नाही.

देवानं आपलं काम केलं आणि दहा वर्षांत एकदाही तगादा लावला नाही. अंगदरावांकडं कारणं तयार असायची. एक वर्ष पाऊस नव्हता. एक वर्ष वडील गेले. मग कोरोना आला. मग देवळाचा सभामंडप पाडून नवा बांधायला काढला आणि तो गावातल्या दोन पार्ट्यांच्या भांडणात अर्धवट उभा राहिला. तनुजा मात्र कशासाठी थांबली नाही. पोरं वाढतात तशी ती वाढली. आधी उंच झाली, मग भरली; मग खो-खो खेळायला लागली आणि तिच्या मांड्या-पोटऱ्यांत बळ आलं.

इथं एक कायद्याचा मुद्दा निघाला. गूळ कोणत्या दिवसाच्या वजनाचा? नवस बोलला त्या दिवसाच्या, की फेडायचा त्या दिवसाच्या? गावच्या गुरवानं निकाल दिला, फेडायच्या दिवसाच्या. देवानं पोरगी दिली ती काय तेवढीच ठेवायला दिली का, असं त्याचं म्हणणं. निकाल खरं तर फार चांगला होता. पोरीच्या अंगावर चढलेलं मूठभर मांस म्हणजे देवानं ऐकल्याची मूठभर पावती, इतका सरळ त्याचा अर्थ. अंगदरावांनी त्यातून विनोद काढला.

"गूळ वाढायला लागला बरं का," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तनुजा चौथी-पाचवीत असेल. दुसरी भाकरी घेत होती. सगळे हसले, तीही हसली. विनोद चालतोय म्हटल्यावर तो दुकानातल्या गादीसारखा कायमचा अंथरला गेला. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला सांगायचं, "बाबा, तिकडं जिलबी हात राखून वाढ, मला गूळ घ्यायचाय." दिवाळीला शिंप्याकडं, "कपड्याचं न्हाई, गुळाचं माप घे." दहावीचा निकाल चांगला लागला तेव्हा त्यांनी सगळ्यांना अख्खा पेढा दिला आणि तिला अर्धा. त्यावर तर सोफ्यावरचे पाहुणे डोळे पुसेपर्यंत हसले. अंगदराव म्हणजे हसवणारा माणूस. बोली लागायला उशीर झाला तर मोंढ्यात लोक त्यांच्या दुकानी येऊन बसायचे.

स्वतः अंगदरावांचं पोट त्यांच्या आधी गल्ल्यापाशी पोचायचं. घराचा जिना चढताना ते मधल्या वळणावर फोन आल्यासारखं करून थांबायचे. बीपीची गोळी चालू होती. पण पुरुषाचं पोट मोंढ्यात भांडवलात धरतात. त्याच्यावर कधी कोणी विनोद केला नव्हता.

यंदा सभामंडप झाला. तुळशीच्या लग्नानंतरचा शनिवार ठरला. अंगदरावांची धाकटी बहीण वर्षाराणी लातूरला दिलेली, तिनं खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणपतीतच जाहीर करून टाकलं, "आपल्या तनूची गूळतुला. झाडून सगळ्यांनी यायचं." खाली कुणीतरी हत्तीचं चित्र टाकलं. त्या हत्तीखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यातला एक चेहरा अंगदरावांचा होता. तनुजाही त्याच ग्रुपवर होती. तिनं काही टाकलं नाही. हात जोडल्याचं चित्रसुद्धा नाही.

त्या आठवड्यापासून ती रात्रीचं जेवण टाळायला लागली. आधी म्हणायची, कॉलेजात खाल्लं. मग सोमवार धरला, मग गुरुवार, मग मारुतीचा म्हणून शनिवार. पोरगी देवाधर्माला लागली म्हणून तिच्या आईला, शिवकन्याबाईंना, बरंच वाटलं. पहाटे अनशापोटी पळायला जायची. खोलीत एक काचेचा वजनकाटा आला होता. आंघोळीच्या आधी, आंघोळीनंतर, झोपायच्या आधी त्याची टिकटिक बाहेर ऐकू यायची. कंगव्यात केस यायला लागले, त्याचा दोष नांदेडच्या पाण्याला दिला गेला. हात गार लागायचे, तो पंख्याला.

आणि लोक कौतुक करायला लागले.

"अगं बाई, काय मस्त दिसायलीस," वर्षाराणी व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "गालफडं निघाली की. काय करायलीस सांग की, आमच्या पोरींना पण सांगते."

गालफडं निघाली तर आजवर त्या घरात काढा उकळायचे.

"आता कुठं गूळ परवडायला लागला," अंगदराव मागून म्हणाले.

तनुजा हसली. त्यांना वाटलं, पोरगी खूश आहे. नुसतं बघून सांगायची सवय.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी कॉलेजच्या मैदानावर खो-खोचा सराव चालला होता. तनुजा रांगेत बसली होती. पाठीमागून खो मिळाला. ती उठली, एक पाऊल टाकलं आणि जागा चुकल्यासारखी परत खाली बसली. मग आडवी झाली. खेळाच्या मॅडमनी तिला रिक्षात घातलं आणि दवाखान्यातून घरी-दुकानी फोन केले.

फोन आला तेव्हा अंगदराव एका शेतकऱ्याच्या कट्ट्यात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. मोंढ्यात माल असाच बघतात. वरचा दाणा सगळेच चांगला ठेवतात. हात तळापर्यंत घालायचा, मूठ बाहेर काढायची, दाणा दाताखाली फोडायचा, मशीनवर हवा बघायची. ओलाव्याला मोंढ्यात हवा म्हणतात. ओला माल काट्यावर जड भरतो आणि गोदामात सडतो, सुकून पोचट झालेला हलका भरतो आणि त्यात तेल नसतं. म्हणून नुसत्या वजनावर तिथं कोणी बोली लावत नाही. काटा सगळ्यात शेवटी. अंगदरावांनी हे पंचवीस वर्षं केलं होतं, दररोज, घरी जेवायला जाईपर्यंत.

डॉक्टरबाई उदगीरकडच्या, वयानं लहान, बोलायला तोडून. सलाईन लावून झाल्यावर त्यांनी तनुजालाच विचारायला सुरुवात केली. झोप लागते का. चक्कर किती दिवसांपासून. सकाळी काय खाल्लं. काल काय खाल्लं. पाळी कधी आली होती.

तनुजानं आईकडं बघितलं. "गणपतीच्या आधी."

शिवकन्याबाई तिचे पाय दाबत होत्या. त्यांचा हात थांबला. मधल्या सगळ्या दिवसांत त्यांनी पोरीला उपासाची भगर करून दिली होती, लिंबू-मधाचं पाणी करून दिलं होतं, आणि हे विचारलं नव्हतं.

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. रक्त फारच कमी होतं. एवढं सगळं होऊन त्यांनी वजन काही विचारलं नव्हतं, म्हणून अंगदरावांनी आपणहून माहिती पुरवली.

"वजन तसं कमी झालंय मॅडम तिचं. आधी जास्त होतं."

"आधी काय त्रास होता?"

"कशाचा?"

"जास्त होतं म्हणता ना. दम लागायचा? गुडघे दुखायचे? शुगर, बीपी?"

"न्हाई न्हाई. खेळायची ती. जिल्ह्याला खेळली."

"मग?"

इतकी वर्षं पोरगी धावत होती, सूर मारत होती, पाच मजले चढून पाण्याची टाकी बघून येत होती आणि मधल्या वळणावर तिला कुणाचा फोन येत नव्हता. हे सगळं त्यांना माहीत होतं. फक्त ते कधी हिशोबात धरलं नव्हतं.

डॉक्टरबाई तनुजाकडं वळल्या. "कुणी सांगितलं होतं तुला, कमी कर म्हणून?"

"कुणी न्हाई मॅडम," तनुजा म्हणाली. "मलाच वाटलं."

शिवकन्याबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. अंगदराव भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागले. त्यात लेकराला कोणत्या महिन्यात काय द्यायचं ते सगळं लिहिलेलं होतं. दीड वर्षानंतर तक्ता संपत होता.

पोरीनं बापाच्या बाजूनं खोटी साक्ष दिली होती, हाताला सुई लावलेली असताना. मोंढ्यात असल्या माणसाला इमानदार म्हणतात.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, वेळच्या वेळी खायला सांगितलं, रक्त भरेपर्यंत मैदान बंद केलं, आणि दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंशी बोलायला जायला सांगितलं. निघताना अंगदरावांना बाजूला घेतलं. "घरातला काटा काढून टाका. आणि तिच्या ताटाकडं बघून बोलणं बंद करा. चांगलं सुद्धा बोलू नका."

हे शेवटचं वाक्य अंगदरावांनी नीट ऐकलं नाही. माणूस हिशोब मिटवायच्या घाईत असला की असंच होतं.

काचेचा काटा त्यांनी त्याच दिवशी दुकानात नेला. तिथं ग्यानोबा हमाल त्याच्यावर चढला, मग त्याचे साथीदार चढले, आणि दुपारभर एकमेकांना क्विंटलमध्ये हाका मारत बसले. अंगदरावांनी हसायचं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. संध्याकाळी बदाम, खारीक, डिंक आणि साजूक तूप घेऊन ते घरी गेले. शिवकन्याबाईंनी लाडू वळले. तनुजा ताटावर बसली तेव्हा ते मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसले.

"खा बेटा. पोटभर खा. आता काय कमी गूळ वाटायचा न्हाई मला. जितका जास्त भरंल तितकं देवाला बरं."

तनुजानं हातातला लाडू ताटात ठेवला.

"म्हणजे परत काटाच ना, पप्पा."

"तसं न्हाई गं…"

"आधी कमी भरायचं होतं. आता जास्त भरायचं. भरायचं मीच." ती शांतपणे बोलत होती, खेळाचे नियम सांगावेत तसं. "मी बसणार न्हाई पारड्यात. आताच सांगते."

ती उठून आत गेली. दार लावलं, पण आपटलं नाही. आपटलं असतं तर त्यांना जरा बरं वाटलं असतं.

शिवकन्याबाईंनी ताटातला लाडू उचलला. "तुम्ही बोलत आलात, मी हसत आले," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच गप बसा म्हणायला पाहिजे होतं मी."

"मग म्हणाली का न्हाईस?"

विचारल्यावर अंगदरावांच्या लक्षात आलं की आपण हे पोतंही दुसऱ्याच्या पाठीवर द्यायला निघालोय. आयुष्यभर हमालाकडून उचलून घेतलेल्या माणसाची ही सवय लवकर जात नाही. शिवकन्याबाईंनी लाडू परत लाडवांच्या डब्यात ठेवला आणि डबा तनुजाच्या दाराशी ठेवून आल्या. सकाळी डबा आत गेलेला होता. किती लाडू कमी झाले ते अंगदरावांना बघावंसं वाटलं. ते दाराजवळ तीनदा गेले आणि तीनदा परत आले.

तनुजा बसणार नाही ही बातमी लातूरला पोचली. वर्षाराणीचा फोन आला.

"दादा, आता काय झालं तिला? आता तर बारीक झालीय की. आता कोण हसतंय?"

"आधी तरी कशाला हसायचं होतं?"

"तूच तर हसवायचास दादा."

अंगदरावांना यावर तीन-चार उत्तरं सुचली. सगळी चांगली होती, मोंढ्यात चालली असती.

"हाव, मीच," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मग आईचा फोन. कावेरीबाई गावी भोकरकडं असायच्या आणि नवसाच्या बाबतीत त्यांच्याशी कुणाची घासाघीस चालत नसे. "नवस ठेवायचा न्हाई बाबा. देवाचं हाय ते. पोरीला समजावून सांग."

"पोरगी बसत न्हाई, आई. आणि मी सांगणार पण न्हाई."

"मग कोण बसंल?"

"नवस कोण बोललं होतं?"

"तू."

"मग."

फोनमधून शेळीचा आवाज येत होता. "तू लई भरशील बाबा."

"देवाला जास्त गेलं तर चालतंय का?"

"देव कुठं भांडायलाय. पर…"

"पर काय?"

"लोक हसतील की रे."

"हाव," अंगदराव म्हणाले. "हसतील."

तनुजाला त्यांनी दारातूनच सांगितलं. ताटाकडं बघायचं नाही हे आता कळलं होतं, म्हणून तिच्या खिडकीकडं बघत सांगितलं. "मी बसणाराय. तुला यायचं तर ये, न्हाईतर न्हाई."

"बघू," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ते गाडीपाशी आले तेव्हा ती पुढच्या सीटवर बसलेली होती. मांडीवर लाडवांचा डबा होता. त्यांनी आरसा नीट केला, सीट मागं-पुढं केली, आणि डब्याबद्दल काही बोलले नाहीत.

नव्या सभामंडपात तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं होतं आणि त्याला अंगदरावांच्या वडिलांच्या काळचा मोठा तराजू टांगला होता. साखळ्यांना झेंडूच्या माळा. एका पारड्यात गादी, दुसऱ्याशेजारी गुळाच्या ढेपा. ग्यानोबा धुतलेला सदरा घालून ढेपांपाशी उभा. माईक शंकरप्पाच्या हातात. तो देगलूरकडून येऊन गावात किराणा टाकलेला माणूस, आणि गावात माईक आला की आपोआप त्याच्याच हातात जायचा. सगळं गाव आलं होतं, लातूरचे पाहुणे आले होते. तनुजाकडं बघून बायका एकमेकींच्या कानाशी लागत होत्या. तिनं ओढणी नीट केली, कुर्ता खाली ओढला आणि आईशेजारी खांबाला टेकून उभी राहिली.

अंगदरावांनी माईक घेतला. बोलायचं त्यांनी आठवडाभर तयार केलं होतं.

"मंडळी," ते म्हणाले, "आज पोरगी बसणार न्हाई. मी बसणाराय."

लोक हसले.

"ऐका. नवस मी बोललो होतो. दहा वर्षं फेडला न्हाई. पोरीच्या जेवणावर चेष्टा करत राहिलो…"

लोक आणखी हसले. अंगदराव माईकवर आले की हसायचं, ही गावाची जुनी सवय होती. ती त्यांनीच लावली होती. "पोरगी आजारी पडली माझ्यामुळं," ते म्हणाले, तेव्हाही मागच्या रांगेत कुणीतरी पुढचा टोला यायची वाट बघत मांडीवर थाप मारली. शंकरप्पानं हसत हसत माईक परत घेतला. "चला, आडतसाहेब. पारडं वाट बघायलंय."

अंगदराव बसले. पारडं धाडकन जमिनीला टेकलं, तिकाटणं करकरलं, आणि सभामंडपात आधीचं हसू काहीच नव्हतं असं हसू उठलं.

ग्यानोबानं पहिली ढेप ठेवली. "लाभ," तो ओरडला. मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन. मग तीन. पारडं ढिम्म. प्रत्येक आकड्याला मुलं टाळ्या वाजवत होती.

"आधी हवा धरा रे आडत्याची," कुणीतरी ओरडलं. "आमची धरायला लई पुढं असतोय."

"कट्टा फुटंल, शिवून घ्या."

"ग्यानोबा, कमरेची काळजी घे."

अंगदराव हसले. आधी तोंड हसलं, मग गाल हसले, डोळ्यांपर्यंत काही आलं नाही. हे हसू त्यांनी कुठं तरी बघितलं होतं. इतकी वर्षं, रोज, ताटाच्या पलीकडं बघितलं होतं आणि पोरगी खूश आहे असं लिहून टाकलं होतं. त्यांचा हात आपणहून सदऱ्याकडं गेला आणि सदरा पोटावरून खाली ओढायला लागला. सदरा तेवढाच होता. कितीही ओढला तरी तेवढाच राहिला.

मग ढेपा संपल्या. पारडं अजून जमिनीवरच होतं.

नुसतं बघून वजन सांगणाऱ्या माणसानं गूळ स्वतःच मागवला होता, स्वतःच्या अंदाजानं. अंदाज चुकला होता. अख्ख्या मोंढ्यात हा एकच माल त्यांनी कधी नीट बघितला नव्हता.

"शंकरप्पा, दुकान उघड," लोक ओरडले. शंकरप्पा हसत पळाला. कुलूप, किल्ली, पोतं, हातगाडी. त्याला वेळ लागणार होता. मधेच उठलं तर गूळतुला मोडते असं गुरव म्हणाला. म्हणून अंगदराव झेंडूच्या माळांमध्ये मांडी घालून बसून राहिले आणि गाव त्यांच्याकडं बघत राहिलं. मोबाईल निघाले. वर्षाराणीच्या पोरीनं अगदी जवळ येऊन पोटाचा फोटो काढला. तो ग्रुपवर जाणार हे त्यांना ठाऊक होतं, खाली कोणते चेहरे येणार हेही.

त्यांनी तनुजाला शोधलं. तिला थोडं तरी बरं वाटेल, असा त्यांचा हिशोब होता. आज हिशोबाचा दिवसच नव्हता. सगळ्या मंडपात ती एकटीच हसत नव्हती. जो पारड्यात बसून आलाय त्यालाच माहीत असतं, ते तिच्या चेहऱ्यावर होतं.

ती खांबापासून निघाली. कुणाकडून तरी पाण्याचा तांब्या घेतला, गर्दीतून वाट काढत आली आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. मग परत गेली नाही. पारड्याच्या पुढं, लोकांच्या आणि त्यांच्या मधोमध, पाठमोरी उभी राहिली. मोबाईलमध्ये आता तिचीच पाठ येत होती. "ए तनू, सरक ना," आतेबहीण म्हणाली. तनुजा सरकली नाही. हळूहळू हसण्यातला दम गेला, लोक आपापसात बोलायला लागले, कुणी जेवणाचं विचारायला लागलं.

अंगदराव तिच्या पाठीकडं बघत पाणी प्याले. खांद्याची हाडं कुर्त्यातून दिसत होती. इतक्या वर्षांत, इतक्या पंगतींत, हिच्यापुढं असं कोण उभं राहिलं होतं, हे त्यांनी आठवून बघितलं. नाव एकच यायला पाहिजे होतं. ते आलं नाही.

शंकरप्पाचा गूळ आला. पारडं उठलं, पाय जमिनीवरून सुटले, गुरवानं नारळ फोडला. देवाला जास्त गेलं. देव भांडला नाही.

परतीला ऊन उतरलं होतं. शिवकन्याबाई मागं डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या होत्या की नाही, सांगता येत नव्हतं. भोकर मागं पडलं. तनुजानं कागदाची पुडी उघडली. आत प्रसादाच्या गुळाचा खडा होता. तिनं तो हातात धरला, फिरवून बघितला, पुडीत ठेवला, परत काढला.

अंगदरावांच्या जिभेवर काहीतरी यायला लागलं. चांगलंच होतं. गुळाबद्दलच होतं.

"पप्पा," तनुजा म्हणाली, "समोर बघा."

ते समोर बघायला लागले. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, ट्रॉल्या डुलत होत्या. बघून वजन सांगता आलं असतं. त्यांनी ट्रॅक्टरला गाठायची घाई केली नाही, हॉर्न दिला नाही, आरशातही बघितलं नाही. शेजारून खडा दातांखाली फुटल्याचा बारीक आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग परत एकदा.